तीच दे, मागच्या खेपेची

संध्याकाळी केळीच्या गाड्या भरून निघाल्या
की घड वाहणारे माझ्या काउंटरशी येतात.
चिकानं काळी पडलेली बोटं काचेवर टेकवून
आवाज खाली आणतात:
‘भाऊ, तीच दे. मागच्या खेपेची.’

नाव कुणी घेत नाही, ना रोगाचं ना ट्यूबचं.
हात नुसता कमरेकडे जातो.
सावद्यात गचकरण म्हणजे घरातली गोष्ट,
दिवाणखान्यात सांगायची नाही.

वीस वर्षं मी तीच दिली.
एका ट्यूबमध्ये तीन औषधं, त्यात स्टेरॉइड जबर,
तीन दिवसांत लाली जाते, खाज झोपते,
माणूस म्हणतो, वासूभाऊच्या हाताला गुण आहे.
दहावर एक फुकट, आणि एका दिवाळीला
कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
अजून चालतं.

खाज झोपते. बुरशी झोपत नाही.
मधली कातडी साफ, कड मात्र जिवंत,
गावठाण वाढतं तशी शिव ओलांडत
पोटावर, पाठीवर.

हुरमतबाई तडवी, निंदणीच्या टोळीची मुकादम.
घरात सहा जणं, दोरीवर दोन टॉवेल.
नवऱ्याच्या मांडीवरचं चक्र सुनेच्या मानेवर आलं,
सुनेचं तान्ह्याच्या गालावर.
गालावरही तिनं तीच लावली.
कुठं लावणार, हे मी विचारलं नव्हतं.

रमजान ईद झाल्यावर ती जळगावला गेली.
तिथल्या पोरगेल्या डॉक्टरीणबाईनं
कातडीचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला,
दुर्बिणीतून तिलाही दाखवला.
‘खोड चिरलं की सुटतात ना भाऊ, तसे धागे.’
तेवढंच तिनं मला सांगितलं. बाकीचं कागदावर होतं.
टर्बिनाफाइन: रेझिस्टंट.

मी कागद दोनदा वाचला.
हे औषध मी सुट्ट्या गोळ्यांनी विकलंय.
चार दे. पैसे कमी आहेत? बरं, दोन ने,
पुढच्या बाजारी बघू.
दोन दिवस मार, दहा दिवस मोकळीक,
यातून जी तगली तिचीच पिलावळ,
केळीच्या बुडाशी पील फुटावं तशी,
एक कापलं की शेजारी दुसरं.

करप्यासाठी बागांवर फवारतात
त्या डब्यावरचं नाव आणि माझ्या कपाटातल्या कॅप्सूलचं नाव
शेवटाला सारखं वाजतं, एका भावकीतलं.
त्याचा याच्याशी संबंध आहे का, मला ठाऊक नाही.
मला ते वाजणं तेवढं ऐकू येतं.

हुरमतबाई ओरडली नाही.
‘मंग तू मले काय देत होता?’
एवढंच. मग तीन महिन्यांच्या कॅप्सूलची किंमत विचारली.
मी नफा न लावता सांगितली.
ती बोटांच्या पेरांवर रोज मोजत राहिली,
मोजणी जमेना, पंधरा दिवसांच्या मागितल्या.
सगळ्या ने म्हटलं, वहीत लिहितो,
पण मध्ये थांबू नको.
‘टॉवेल ज्याचा त्याचा,’ ती म्हणाली, ‘कपडे उकळायचे,
उन्हात घालायचे. ऊन तेवढं आपल्याकडे फुकट.’

रात्री पट्टा सोडला तर
माझ्याही कमरेला ते होतं. दोन बोटांएवढं.
बायकोला सांगितलं नाही.
कपाटातल्या खोक्यात अजून चाळीस ट्यूब आहेत,
हात तिकडे गेला,
हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

आज पुन्हा एक आला, गळ्यात ओला गमछा.
‘तीच दे.’
नाही म्हटलं. डॉक्टरला दाखव म्हटलं.
का म्हणून सांगायला तोंड उघडलं,
तोवर तो रस्ता ओलांडून गेला.
समोरच्या दुकानाचा गल्ला वाजला.

काचेवर त्याच्या बोटांचे चार काळे ठसे.
पुसले तर निघतील.